तुझ्या आईला सांग

दादा, मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही चिडले नाही. वर्षश्राद्धाला रडले, फोटोला हार घातला, लोकांनी तुमचं कौतुक केलं की मान हलवली. आता मात्र गेल्या शनिवारपासून अंगाची नुसती लाही लाही होऊन राह्यलीय. लॅबमध्ये बियाणं तपासता तपासता मध्येच हात थांबतो, तुमचं एखादं वाक्य आठवतं आणि मंग दातओठ खात पुढचं काम. सोबतच्या बाईनं विचारलंसुद्धा, ताई, घरी काही झालं का. मी म्हणाले, वडिलांशी भांडण झालंय. ती म्हणाली, कुठं असतात वडील? मी म्हणाले, वारले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की त्या रागातही मला हसू आलं.

हसनाबादच्या घरात ओसरीवर तुमची खुर्ची आणि आत आईची चूल. मध्ये एक खोली, एक उंबरा. तुम्ही साध्या आवाजात बोलला असता तरी आईला ऐकू गेलं असतं. ती खोकलेली तुम्हाला ऐकू यायची, कारण तुम्ही मला म्हणायचे, तुझ्या आईला सांग, काढा घे म्हणावं. पण तुम्ही दोघं कधी एकमेकांशी बोलला नाहीत. तुझ्या आईला सांग, चार माणसं जेवायला हायेत. तुझ्या दादांना विचार, वरण घट्ट ठेवू का पातळ. तुझ्या आईला सांग, दिवे लागले तरी अंगण झाडलं न्हाई. आजी-आजोबा होते तोवर वडीलधाऱ्यांपुढं नवरा-बायकोनं बोलू नये ही रीत होती, ती मी समजू शकते. गल्लीत बहुतेक घरांत तसंच होतं. पण आजी गेली, आजोबा गेले, घरात कुणीच मोठं उरलं नाही, तरी तुम्ही ती रीत सोडली नाही. सोयीची होती ना. बोललेलं आपल्या अंगावर येत नाही, मध्ये एक पोरगी उभी असते.

मी सात-आठ वर्षांची असताना शब्द बदलायला लागले. कुणी शिकवलं नाही. तुम्ही म्हणायचे, तिला विचार, भाजीत मीठ टाकायचं कोणत्या जन्मात शिकणार. मी आत जाऊन सांगायचे, आई, मीठ जरा कमी झालंय म्हणतात. आई म्हणायची, म्हणावं एवढं नडतंय तर स्वतः रांधा. मी बाहेर येऊन सांगायचे, आईचं लक्ष नव्हतं म्हणती. त्या एका खोलीतून जाताना मी सगळं पुसून, धुऊन न्यायचे. घर शांत राहायचं. पाहुणे म्हणायचे, गुरुजींच्या घरात कधी आवाज चढत नाही. कसा चढणार, सगळा आवाज माझ्या पोटात जमा होत होता.

आणि तुम्ही साधे गुरुजी नव्हते. तुम्ही हेडमास्तर, आणि त्याच्या वर पंचक्रोशीत नवरा-बायकोची भांडणं मिटवणारे. रविवारी ओसरीवर सतरंजी पडायची, दोन्हीकडची माणसं यायची, मी पाण्याचे तांबे नेऊन ठेवायचे. मला एक बैठक अजून दिसते. विशीतली एक बाई उंबऱ्याला टेकून बसलेली आहे, पदर डोळ्यांपर्यंत. नवऱ्याच्या बाजूनं त्याचा चुलता बोलतोय, तिच्या बाजूनं तिचा भाऊ. दोन तास. नवरा जमिनीवर काडीनं रेघा ओढतोय. शेवटी तुम्ही घसा साफ करून म्हणालात, संसारात नवरा-बायकोनं एकमेकांशी मोकळं बोललं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, तुझ्या आईला सांग, चहा टाक. त्या बाईला एका शब्दानं कुणी विचारलं नाही तुला काय वाटतं म्हणून. ती परत नांदायला गेली आणि तुमचं नाव अजून वाढलं. आज मला त्या बैठकीची आठवण आली की लाज वाटते. पाणी मीच वाटत होते ना.

आता खरं कारण सांगते. मी अकरा वर्षांची होते. मामाच्या मुलीचं लग्न होतं, भोकरदनला. आई भाकरी थापत होती, मला म्हणाली, विचार, जाऊ का चार दिवस आधी. तुम्ही पेपर तपासत होते. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तिला सांग, तिच्या माहेरच्यांची तोंडं बघायची मला हौस न्हाई. हिचं रोज बघावं लागतं तेवढं पुरे हाय." मला त्या दिवशी ताप होता. अंग दुखत होतं, डोकं चालत नव्हतं, धुवायला-पुसायला जीवच नव्हता. मी आत गेले आणि जसं ऐकलं तसं म्हणून टाकलं. अर्धी थापलेली भाकरी आईनं पुन्हा पिठात मोडली. तवा उतरवला, हात धुतले, पिशवी भरली आणि फाट्यावर जाऊन भोकरदनच्या जीपमध्ये बसली. आठ दिवस आली नाही. शेजारच्या काकू भाकरी देत होत्या. आई आली त्या दिवशी तुम्ही मला ओसरीवर बोलावलं आणि कानाखाली वाजवली. "सांगितलं तसंच्या तसं सांगायचं असतंय का? अक्कल न्हाई का तुला?"

एवढ्या वर्षांत मी त्या थपडेचा विचार फक्त थप्पड म्हणून केला. परवा पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं मी नीट. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी शब्द बदलते हे तुम्हाला बराबर माहीत होतं. तुम्ही वाटेल ते बोलत होते, कारण ते बोललेलं आत पोचणार नाही याची तुम्हाला खात्री होती. मुलांना शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी दहा वेळा लिहायला लावणारे तुम्ही, घरात मात्र रोज पोरीला खोटं बोलायला पाठवत होते, आणि ज्या दिवशी ती खरं बोलली त्या दिवशी तिला मारलं. दादा, हे कुठल्या शाळेत शिकलात तुम्ही?

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही जालन्याला गेल्ते. येताना माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं, लाल पट्ट्याचं, आणि आईसाठी हिरवी साडी. साडी माझ्या हातात दिलीत. दे तिला, एवढंच म्हणालात. आई धान्य पाखडत होती. तिनं पिशवीत पाहिलं आणि विचारलं, काय म्हणले? तुम्ही काही म्हणालाच नव्हता. मी म्हणाले, म्हणले की हिरवा रंग तिला खुलून दिसतो. आईनं सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ती साडी तिनं पार विरेपर्यंत नेसली, मंग तिची गोधडी शिवली. आई जाईपर्यंत ते वाक्य तुमचंच राहिलं. चांगलं वाक्य होतं. तुम्ही बोलायला पाहिजे होतं.

असं शिकून मी लग्न करून जालन्यात आले. माझं माणूस वाईट नाही दादा, तुम्हीच निवडलं होतं आणि तेवढं तुम्ही नीट केलंत. बियाण्याच्या कंपनीत आहेत, शेतकऱ्यांच्या शेतावरचे सीड प्लॉट बघतात, परतूर-वाटूरच्या बाजूला सारखी फिरती. मीही बियाण्यातच, पण लॅबमध्ये. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उलगडायचे, किती उगवले, किती वाकडे आले, किती मेले, जे असेल ते लिहायचं. एक दाणासुद्धा मी इकडचा तिकडं करत नाही, साहेब माझ्या सहीवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आणि घरी आले की एक सरळ वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मला उकडतं म्हणून मी म्हणते, पोरीला झोप लागत नाही, कूलर घ्यावा लागेल. मला एकटं वाटतं म्हणून मी म्हणते, तुमच्या आईंना वाटतं तुम्ही जल्दी घरी यावं. एकदा मला ते फार आवडले होते, नवीन शर्टात, तर मी म्हणाले, समोरच्या वहिनी म्हणत होत्या शर्ट चांगला दिसतो. यांनी तो शर्ट परत घातला नाही. त्यांना ती समोरची वहिनी आवडत नाही.

सतरा वर्षं असं चाललं. जूनमध्ये एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर यांची बॅग नव्हती. पोरगी, आता आठवीत आहे, दप्तर भरत होती. म्हणाली, "मम्मी, पप्पांनी वाटूरला खोली घेतली. सीझन हाय ना, सकाळी लवकर प्लॉटवर जावं लागतंय. डब्याची काळजी करू नको म्हणले." मला जरा लागलं, मला विचारलं का नाही म्हणून, पण सीझन तर होताच. मी फोनवर एवढंच विचारलं, पाऊस कसा आहे तिकडं. ते म्हणाले, बरा आहे. दोन महिने आम्ही पावसावर बोललो. मंग एक दिवस त्यांचा मेसेज आला. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्याला, बँकेच्या वर एक मॅडम बसतात, नवरा-बायकोंना समुपदेशन करतात, शनिवारी चारला ये. खाली लिहिलं होतं, पाच वेळा येऊन बघू, न्हाई जमलं तर वकिलाकडं जाऊ. मी तो मेसेज जिन्यात उभं राहून वाचला आणि तिथंच पायरीवर बसले. मला वाटलं, माणूस सीझनला गेला आणि एकटं राहून त्याच्या डोक्यात कुणी काय भरवलं.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघंही मॅडमकडं तोंड करून बसलो. साठीच्या बाई, परभणीकडच्या, बोलणं एकदम रोखठोक. मी म्हणाले, यांना सांगा मॅडम, घर असं मोडत नसतं. हे म्हणाले, तिला विचारा मॅडम, घर होतं का ते. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, मी इथं पोस्टात बसले नाही. खुर्च्या एकमेकांकडं वळवा. आम्ही वळवल्या, तर गुडघ्याला गुडघा लागत होता. मंग त्यांनी मला विचारलं, तुम्ही या लग्नात समाधानी आहात का? मी म्हणाले, सगळे म्हणतात आमचं चांगलं चाललंय. त्या म्हणाल्या, सगळ्यांना मी बोलावलं न्हाई. तुमचं सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव न घेता. दादा, मला आलं नाही. बेचाळीस वर्षांची बाई मी, पदवीधर, आणि मला माझ्याबद्दल एक वाक्य बोलता आलं नाही. मंग हे बोलायला लागले. "मॅडम, हिला चहा प्यायचा असला तर ही म्हणती, तुम्ही दमला असाल, चहा टाकू का. हिच्या तलफेचा चहा सतरा वर्षं मी पिऊन राह्यलोय. मला हिच्याशी बोलायचं हाय, पण घरात ही सापडतच न्हाई. कधी आई बोलती, कधी पोरगी, कधी शेजारीण." मॅडम हसल्या. मला असं वाटलं की चप्पल घालावी आणि निघून जावं, पण खरं होतं ते.

गेला शनिवार चौथा. मॅडमनी यांना विचारलं, घर सोडताना बायकोला काय म्हणालात? हे खाली बघत म्हणाले, "पोरीजवळ सांगून गेल्तो. म्हणलं, तुझ्या मम्मीला सांग, मला ह्या घरात गुदमरल्यासारखं होऊन राह्यलंय. परत येईन का न्हाई, सांगता येत न्हाई." मी म्हणाले, "तिनं तर सीझनचं सांगितलं. डब्याची काळजी करू नको म्हणाले, असं म्हणाली." हे वर बघायला लागले. म्हणाले, "डब्याचं मी काही बोललोच न्हाई." मॅडमनी यांच्याकडं पाणी सरकवलं. दादा, तुम्हाला कळतंय का काय झालं ते? माझी तेरा वर्षांची पोरगी त्या दारात उभी राहिली, बापाचं बोलणं तिनं धुतलं, पुसलं, वर माझ्यासाठी एक डब्याचं वाक्य स्वतःच्या मनानं जोडलं, आणि मला आणून दिलं. मी तिला हे कधी शिकवलं नाही. तिनं मला बघून उचललं. मी तुमच्या ओसरीवर उचललं.

घरी गेले तेव्हा ती मॅगी करत होती. मी विचारलं, पप्पा खरं काय म्हणाले होते? तिनं गॅस बारीक केला. "तू रडली असतीस," ती म्हणाली. "आणि मंग तू पप्पांना काहीतरी बोलली असतीस, आणि ते अजूनच आले नसते." मी म्हणाले, जे सांगितलं ते तसं का सांगितलं नाहीस? आणि माझा हात वर गेला. खोटं बोलत नाही, चांगला वर गेला होता. तुम्ही मला मारलं जसंच्या तसं सांगितलं म्हणून, आणि मी तिला मारणार होते तसं न सांगितल्याबद्दल. म्हणजे पोरीनं करायचं तरी काय? ती मागं सरकली नाही, नुसते डोळे मिटून उभी राहिली. मी हात खाली घेतला आणि गॅस बंद केला. मॅगी लगदा झाली होती, आम्ही तीच खाल्ली.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर चिडून आहे. ओसरीवर बसून दुनियेची समजूत काढणारे दादा, एकदा, एका दिवशी तुम्ही खुर्चीवरून उठून चार पावलं चालत आत गेला असता, आणि चुलीपाशी उभं राहून आईला म्हणाला असता की मीठ कमी आहे. भांडण झालं असतं. झालं असतं तर झालं असतं. मोठ्यानं झालं असतं, भांडी आपटली असती, शेजाऱ्यांनी ऐकलं असतं. मला निदान कळलं असतं की माणसं एकमेकांवर चिडतात आणि तरी एका घरात राहतात. मला ते माहीतच नाही. मला वाटतं, एक खरा शब्द गेला की माणूस पिशवी भरून जीपमध्ये बसतं. तुम्ही पेपर तपासत बसले, आणि तुमचा पेपर मी सोडवत राहिले. आता माझा माझ्या पोरीनं हातात घेतलाय. मला हे बिलकुल चालणार नाही.

हे लिहीत होते, पोरगी शिकवणीला गेली होती, तेवढ्यात यांचा फोन आला. उद्याची वेळ चारच ना, विचारायला. मंग म्हणाले, "काय करायलीस?" मी म्हणाले, मॅडमनी सांगितलंय वडिलांना चिठ्ठी लिहायला, ती लिहायलेय. बरं, म्हणाले, आणि फोन ठेवला. मी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. मॅडमनी मला काहीच सांगितलं नव्हतं. चिठ्ठीचं नावसुद्धा काढलं नव्हतं त्यांनी. माझं मला लिहावंसं वाटलं, आणि तेवढं सांगायलासुद्धा मी त्या बाईचं नाव पुढं केलं. पाच मिनिटं बसले असेन. मंग परत फोन लावला.

मी म्हणाले, "मॅडमनी काही सांगितलं न्हाई. माझंच मन झालं. दादांचा लई राग आलाय मला." तिकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मंग म्हणाले, "आणि माझा?" मी म्हणाले, "तुमचाबी आलाय." ते म्हणाले, "मंग सांग की." आणि मी सांगायला लागले. मी म्हणाले, तुम्हाला माझ्या बोलण्याचा एवढा त्रास होत होता ना, मंग जाताना तुम्ही काय केलंत? पोरीच्या हातात निरोप देऊन गेलात. मोठी माणसं आपण, आणि घर मोडल्याची बातमी आठवीतल्या लेकराच्या तोंडी दिली. माझ्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत नव्हती तुमच्यात. ते म्हणाले, तुझ्याशी बोललो असतो तर तू माझ्या आईचं नाव काढलं असतंस. मी म्हणाले, काढलं असतं, तरी बोलायचं होतं. ते चढ्या आवाजात बोलले, मीही बोलले. मी रडले, पण बोलायची थांबले नाही. सतरा वर्षांतलं आमचं हे पहिलं भांडण, दादा, आणि मध्ये कुणीच नव्हतं. शेवटी मी म्हणाले, मला तुम्ही या घरात पाहिजेत, मी म्हणतेय, दुसरं कुणी न्हाई. मंग ते म्हणाले, "राहायचं का न्हाई, ते मला अजून कळेना. पण उद्या सकाळीच येतो. आधी पोरीपाशी बसतो. तिला मीच सांगतो, माझ्या तोंडानं, काय म्हणलो होतो ते."

फोन ठेवला आणि वरचं सगळं परत वाचलं. तुमच्यावरचा राग खरा आहे, त्यातला एक शब्द खोडत नाही. ही चिठ्ठी कुठं पाठवायची सोय नाही, असती तरी आता पाठवली नसती, कारण वाचता वाचता मला ऐकू आलं की काही वाक्यं तुमच्या पत्त्याची नाहीत. लेकराच्या तोंडी निरोप दिला, बोलायची हिंमत नव्हती, हे मी गेल्या शनिवारपासून यांना म्हणायचं टाळत होते. ते उलट बोलले असते, कायमचे निघून गेले असते. तुम्ही मेलेले, तुम्ही काय बोलणार. म्हणून सगळं तुमच्यापाशी आणून ठेवलं. यातला निम्मा राग यांचा होता, दादा.